निजामाच्या युद्धविमानांवरील दानलेख

ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर आणि पोथ्यांच्या पुष्पिका यांची चर्चा या त्रैमासिकाच्या वाचकांस नित्याची आहे. प्रस्तुत निबंधांत आम्ही ज्या दानलेखाचा परिचय करून देणार आहों तो तांब्यावर कोरलेला नाहीं, दगडावर खोदलेला नाहीं, किंवा बोरूनें कागदावर लिहिलेलाही नाहीं. तो एका बाँबफेकी विमानाच्या अंगावर रंगानें लिहिलेला आहे. हें विमान लंडन शहराच्या हेंडन भागांतील ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयाच्या मालकीचें असून आम्हीं तें छायाचित्रांतच पाहिलें आहे. लेखाची भाषा इंग्रजी व मजकूर एका वाक्याएवढा: हें विमान हैदराबादच्या निजामानें अर्पण केलें, आणि देणगींतील याचा क्रमांक अमुक.

एका वाक्यासाठीं एवढा निबंध कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हैदराबादचा निजाम हा आमच्या मराठवाड्याचा तत्कालीन राजा. ज्या राज्याच्या वैभवांतून हें विमान दिलें गेलें, त्या राज्यांत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचें औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पांच मराठी जिल्ह्यांतील रयत सारा भरीत होती. दानलेख हातीं आला कीं दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, देय वस्तु कोणती व ती कोणाची, हे प्रश्न आपण क्रमानें विचारतों. तेच प्रश्न या लेखास विचारले असतां काय निष्पन्न होतें, हें पाहणें हा आमचा हेतु आहे.

प्रथम विमान हें शस्त्र केव्हां व कसें झालें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. राइट बंधूंचें यंत्र १९०३ च्या डिसेंबरांत प्रथम उडालें. पुढें आठच वर्षांनीं, १ नोव्हेंबर १९११ रोजीं, लिबियांतील युद्धांत जूलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटानें विमानांतून हातानें बाँब टाकले. त्याच वर्षीं १८ फेब्रुवारीस आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या वेळीं यमुना ओलांडून नैनीस टपाल नेलें होतें. विमानानें पत्र पोंचविणें आणि विमानानें मृत्यु पोंचविणें, या दोन्ही विद्या अशा एकाच वर्षांत सुरू झाल्या. १९१४ चें महायुद्ध पेटलें तेव्हां विमानाचें काम मुख्यतः हेराचें होतें. शत्रूच्या खंदकांवरून जावें, छायाचित्रें घ्यावींत, आपल्या तोफांस नेम सांगावा, एवढेंच. त्या हेरास अडविण्याकरितां लढाऊ विमान निघालें. आणि खंदकांच्या पलीकडील कारखाने व आगगाडीचीं स्थानकें गांठण्याकरितां बाँबफेकी विमान निघालें. १ एप्रिल १९१८ रोजीं ब्रिटिशांनीं आपलें वायुदल भूसेना व नौसेना यांपासून वेगळें केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें, जर्मनीच्या उद्योगनगरांवर लांब पल्ल्याच्या स्वाऱ्या करण्यासाठीं, ट्रेंचर्ड या सेनापतीच्या हाताखालीं एक स्वतंत्र बाँबफेकी दल पूर्व फ्रान्सांत उभें राहिलें. आपल्या लेखाचें विमान या दलांतील आहे.

या युद्धाचा खर्च भागविण्याकरितां ब्रिटिश साम्राज्यांत विमानें दान देण्याची चाल पडली होती. त्या दानाचा दरच ठरलेला असे. सत्तर अश्वशक्तीच्या रेनो एंजिनाचें बी. ई. २ सी जातीचें विमान द्यावयाचें तर १,५०० पौंड. शंभर अश्वशक्तीच्या नोम एंजिनाचें व्हिकर्स कंपनीचें लढाऊ विमान द्यावयाचें तर २,२५० पौंड. त्या वेळीं पौंडास पंधरा कलदार रुपये हा भाव होता, आणि निजामाच्या हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. या हिशेबानें स्वस्तांतलें विमानही २२,५०० कलदार, म्हणजे २६,२५० हाली रुपयांस पडे. पैसा भरणाराचें नांव विमानाच्या अंगावर लिहीत. तें विमान पडलें तर तेंच नांव दुसऱ्या विमानावर चढवीत, म्हणजे दात्याचें नांव रणांगणांतून नाहींसें होत नसे. देऊळ पडल्यावर त्याचा जुना लेख नव्या भिंतींत बसवावा, तशांतलाच हा प्रकार.

निजाम मीर उस्मान अली खान (राज्यकाल १९११ ते १९४८) याचें दान मात्र सुट्या विमानाचें नव्हतें. एका सबंध पथकाचीं विमानें त्याच्या नांवानें दिलीं गेलीं. ब्रिटिश वायुदलाचें ११० वें पथक तें हें. १ नोव्हेंबर १९१७ रोजीं इंग्लंडांतील रेंडकूम येथें तें उभारण्यांत आलें व या देणगीमुळें त्यास ‘हैदराबाद पथक’ असें नांव पडलें. पुढें त्याचें जें अधिकृत चिन्ह ठरलें त्यांत मुकुटांतून वर आलेला अर्धा वाघ आहे. डी. एच. ९ ए जातीचीं विमानें ज्यास प्रथम पूर्णपणें मिळालीं तें हेंच पथक. विमान दोन माणसांचें: पुढें वैमानिक व मागें बंदूक घेतलेला निरीक्षक. एंजिन ‘लिबर्टी’ नांवाचें, अमेरिकन बनावटीचें, चारशें अश्वशक्तीचें. त्या काळच्या मानानें दूर जाणारें व भार वाहणारें असें हें यंत्र होतें.

१ सप्टेंबर १९१८ च्या सुमारास हें पथक फ्रान्सांतील बेतोंकूर येथें दाखल झालें आणि त्या महिन्याच्या मध्यास त्याच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. ५ ऑक्टोबरच्या स्वारींत चार विमानें परत आलीं नाहींत. २१ ऑक्टोबरच्या स्वारींत सात आलीं नाहींत. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलें. दहा आठवड्यांच्या या मुदतींत शत्रूच्या हातून सतरा विमानें गेलीं आणि आणखी अठ्ठावीस अपघातांत निकालांत निघालीं, अशी नोंद आहे. बाँबफेकी पथकाचें ठरावीक बळ अठरा विमानांचें धरलें, तर मूळ देणगी दोनदां संपून तिसऱ्यांदा निम्मी संपली असा याचा अर्थ होतो. ज्यांची छाती अशा विमानांत बसण्याची झाली त्या पोरवयाच्या माणसांविषयीं आदरच वाटतो. तथापि दिवसाढवळ्या, रक्षक विमानें बरोबर न घेतां, शत्रूच्या प्रदेशांत खोल शिरण्याची ही पद्धत किती महाग होती हेंही या आंकड्यांवरून दिसतें.

आतां ज्या विमानावर आपला लेख टिकला आहे त्याची कथा पाहूं. या विमानाचा नोंदणी क्रमांक एफ १०१०. १९१८ सालीं इंग्लंडांत योव्हिल येथील वेस्टलँड कारखान्यांत तें बांधलें गेलें. ५ ऑक्टोबरच्या स्वारींत जीं परत आलीं नाहींत त्यांपैकीं हें एक. तें जर्मन प्रदेशांत उतरलें व आंतील दोघेही कैद झाले. जर्मनांनीं विमान मोडलें नाहीं. जिंकलेली वस्तु म्हणून ठेवलें, आणि पुढें तें बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत गेलें. दुसऱ्या महायुद्धांत त्या संग्रहालयावरच आकाशांतून बाँब पडले. त्यांतील कांहीं विमानें पूर्वेकडे हलविलेलीं होतीं, म्हणून वांचलीं. युद्ध संपलें तेव्हां तीं पोलंडच्या भूमींत होतीं, व त्यांतून क्राकूव्ह येथील संग्रहालय समृद्ध झालें. अखेरीस १९७७ सालीं एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यांत एफ १०१० इंग्लंडास परत मिळालें. त्याची डागडुजी झाली, आणि निजामाचें नांव पुन्हां वाचतां येऊं लागलें.

हस्तलिखितें जमविणारास ही कथा अपरिचित वाटूं नये. जीं विमानें सुखरूप परतलीं तीं पुढें झिजलीं, मोडीत निघालीं व नाहींशीं झालीं. जें शत्रूच्या हातीं पडलें तें मात्र साठ वर्षांनीं घरीं आलें. पोथ्यांचेंही असेंच होतें. घरच्या माळ्यावर वाळवीनें खाल्लेल्या पोथीची दुसरी प्रत परक्या देशाच्या ग्रंथालयांत नीट बांधून ठेवलेली सांपडते, आणि आपण हळहळावें कीं आभार मानावेत हें कळेनासें होतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आमच्या शहरापासून चार कोसांच्या आंत देवगिरीचा दुर्ग आहे. तेथील यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा महाग्रंथ रचला. त्याचें दानखंड प्रसिद्धच आहे. त्यांत तुलापुरुषापासून सोळा महादानांचें विधान आहे व त्यांत सोन्याचा हत्ती जोडलेल्या रथाचेंही दान येतें. उडत्या रथाचें दान हेमाद्रीस सुचलें नव्हतें, तें विसाव्या शतकांत घडलें. परंतु दानाचें परीक्षण कसें करावें, हें त्यानें व त्याच्या पूर्वींच्या शास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. दानाचीं अंगें सहा: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्म्य देय, देश आणि काल. हीं सहा अंगें क्रमानें घेऊं.

प्रतिग्रहीता स्पष्ट आहे: ब्रिटिश सरकार. देशही स्पष्ट आहे: दान दख्खनचें, उपयोग युरोपांत. श्रद्धेचा प्रश्न जरा नाजूक. प्रत्युपकाराच्या अपेक्षेनें दिलेलें दान राजस होय, असा शास्त्राचा निर्णय आहे. १९१८ सालींच निजामास इतर संस्थानिकांहून वरचढ अशी राजपदवी मिळाली व ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ या बिरुदास सम्राटाची मान्यता मिळाली. ही पदवी केवळ विमानांकरितां नव्हे, युद्धांतील एकंदर साहाय्याकरितां होती. पण दान आणि प्रत्युपकार किती जवळ जवळ आले हें सालांवरूनच दिसतें.

खरा वाद आहे तो देय वस्तूचा. जें आपलें आहे तेंच द्यावें आणि तेंही कुटुंबास पीडा न होईल अशा बेतानें, असें याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. राजाच्या बाबतींत मीमांसकांनीं याहून पुढें जाऊन विचार केला आहे. विश्वजित् यागांत सर्वस्व द्यावयाचें असतें. तेव्हां राजानें पृथ्वीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत येतो. सिद्धांत असा कीं, देऊं नये. कारण पृथ्वी सर्वांस सारखीच आहे, राजा तिचा रक्षक असून रक्षणाबद्दल कर घेतो, तो तिचा मालक नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वींचा हा विचार आमच्या डोक्यांत असल्यामुळेंच निजामाच्या विमानावरील लेख वाचतांना आम्हांस अडखळल्यासारखें झालें.

कोणी म्हणेल, निजामाच्या राज्यांत राजाची खाजगी व सरकारी अशी वांटणी होती. ही गोष्ट खरी आहे. दिवाणी मुलूख निराळा, जहागिरी निराळ्या, आणि निजामाच्या जातीच्या खर्चाकरितां तोडून ठेवलेला सर्फ-इ-खास मुलूख निराळा. परंतु सर्फ-इ-खास म्हणजे कांहीं आकाशांतून पडलेलें धन नव्हे. तेथेंही नांगर रयतेचा, बैल रयतेचे आणि सारा रयतेचा. तेव्हां पैसा कोणत्याही दाराने बाहेर पडलेला असो, तो आंत आला एकाच दाराने. लेखांत दाता म्हणून ज्याचें नांव आहे तो वस्तुतः देणारांच्या रांगेंतील शेवटचा माणूस आहे. पहिला माणूस सातारा-देवळाईच्या, पैठणच्या, वैजापूरच्या शिवारांत उभा आहे आणि त्याचें नांव लेखांत नाहीं.

या ठिकाणीं आमच्याच जिल्ह्यांतील जुन्या दानलेखांची आठवण होते. कन्नडच्या डोंगरांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत इसवी सनापूर्वींचे दानलेख आहेत. त्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, गंधिक कुळांतला मितदेव आहे. राजवैद्य मगिल आहे. अत्तरें विकून किंवा औषधें देऊन जें मिळालें त्यांतून त्यांनीं दान दिलें आणि दानाबरोबर आपलें नांव घातलें. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग वासिष्ठीपुत्र कटहादि यानें दिला, हेंही तेथें लिहिलें आहे. पुढें पांचव्या शतकांत सोळावें लेणें वाकाटक हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें कोरविलें. म्हणजे त्या काळींसुद्धां खांब देणारा व्यापारी आणि सबंध लेणें देणारा सचिव असे दोन प्रकारचे दाते होतेच. पण त्या लेखांत पुण्याचा वाटा मायबापांस व सर्व प्राणिमात्रांस मिळो, अशी प्रार्थना वारंवार येते. देणाराला आपल्या मागें उभे असलेल्यांचें भान होतें, एवढें तरी त्यावरून ठरतें. विमानावरच्या लेखांत अशी प्रार्थना असणें शक्य नव्हतें. बाँब टाकणाऱ्या यंत्रावर सर्व प्राणिमात्रांचें हित चिंतणें हें थट्टेसारखें झालें असतें.

उरलें सहावें अंग, काल. हें अंग सर्वांत कठोर आहे. हैदराबाद पथकाच्या स्वाऱ्या सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१८ या काळांत झाल्या. त्याच वर्षीं दख्खनमध्यें पाऊस फसला, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत इन्फ्लुएंझाची साथ हिंदुस्थानभर पसरली. गांवोगांव प्रेतें उचलण्यास माणसें पुरेनात. हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतींत १,३३,७४,६७६ होती. १९२१ च्या शिरगणतींत ती १,२४,७१,७७० भरली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिलीच, उलट नऊ लाखांहून अधिक माणसें कमी झालीं. या घटीस दुष्काळ, साथ आणि इतरही कारणें आहेत. विमानांच्या देणगीमुळें माणसें मेलीं, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कुटुंबास पीडा न होईल अशा बेतानें द्यावें, ही स्मृतीची अट येथें पाळली गेली नाहीं. ज्या आठवड्यांत एफ १०१० जर्मनींत उतरत होतें, त्या आठवड्यांत त्याच्या खऱ्या दात्यांच्या घरीं औषधाची वाटी फिरत होती.

येथवरचा विचार एकाच लेखाचा झाला. पण ही परंपरा १९१८ वर थांबली नाहीं. डी. एच. ९ ए हीं विमानें १९२० नंतर इराकांत व वायव्य सरहद्दीवर पठाण टोळ्यांच्या गांवांवर बाँब टाकण्याच्या कामीं आलीं. म्हणजे युरोपांत सिद्ध झालेलें शस्त्र लवकरच आशियाच्या माणसांवर चालूं लागलें. १९३९ चें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ११० वें पथक पुन्हां उभें होतेंच. ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, जर्मन युद्धनौकांवर जी पहिली ब्रिटिश बाँबस्वारी झाली तींत या पथकाचीं ब्लेनहाइम विमानें होतीं. त्या वर्षीं आणखी दोन लढाऊ पथकें हैदराबादच्या नांवानें चालूं लागलीं: १५२ वें ‘हैदराबाद’ पथक स्पिटफायर विमानांचें व २५३ वें ‘हैदराबाद संस्थान’ पथक हरिकेन विमानांचें. १९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत जें निर्वाणीचें युद्ध झालें त्यांत हीं दोन्ही पथकें लढलीं. त्या वेळीं एका स्पिटफायरची दानाकरितां ठरविलेली किंमत ५,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें सहासष्ट हजार सहाशें सहासष्ट कलदार रुपये होती. ही रीत एकट्या निजामाची नव्हती. बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्याचें नांव १२४ व्या पथकास होतें. तेव्हां मराठी राजघराण्याच्या तिजोरीसही हाच प्रश्न लागू आहे, हें आम्ही लपवीत नाहीं.

नाणीं व मुद्रा जमविणारांनीं या पथकांचीं चिन्हें पाहण्यासारखीं आहेत. २५३ व्या पथकाच्या चिन्हांत हिंदी बनावटीचा युद्धपरशु धरलेला हात आहे. १५२ व्या पथकाच्या चिन्हांत निजामाचें शिरोभूषण असून खालीं ब्रीद आहे, ‘विश्वासू दोस्त’. १९१८ सालीं जें बिरुद दानाबद्दल मिळालें तेंच १९३९ नंतर दानावर मुद्रेसारखें उमटलें. हीं ११० व १५२ क्रमांकांचीं पथकें पुढें ब्रह्मदेशाच्या मोहिमेंतही लढलीं. म्हणजे हैदराबादच्या नांवाचीं विमानें निदान हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर तरी आलीं.

आतां या कथेचा शेवट. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ब्रिटिशांचें सार्वभौमत्व संपलें आणि संस्थानांशीं केलेले जुने तह त्याबरोबर गळून पडले. निजामानें भारतांत सामील होण्याचें नाकारलें. राज्यांत रझाकारांचा जुलूम वाढला व स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं मुक्तिसंग्राम तीव्र झाला. या वेळीं एक विलक्षण गोष्ट उघड झाली. ज्या राज्याच्या नांवानें परक्याच्या वायुदलांत तीन पथकें उभीं राहिलीं, त्या राज्यास स्वतःचें वायुदल नव्हतें. शस्त्रें आणविण्याकरितां सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाशीं संधान बांधावें लागलें. हा मनुष्य दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीवरून गुप्तपणें छायाचित्रें घेण्याच्या कामांत नांवाजलेला होता. १९४८ सालीं त्यानें लँकास्ट्रियन जातीचीं मालवाहू विमानें घेऊन कराचीहून बीदर व वरंगळ येथें शस्त्रें आणून उतरविलीं. लँकास्ट्रियन म्हणजे लँकास्टर या ब्रिटिश बाँबफेकी विमानाचाच नागरी अवतार. पुढें या उद्योगाबद्दल लंडनच्या न्यायालयांत कॉटन यास दोनशें पौंड दंड झाला. विश्वासू दोस्ताच्या मदतीस ब्रिटिश सरकारचें एकही विमान आलें नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहांटे भारतीय सैन्य हैदराबाद राज्यांत शिरलें. सोलापुराकडून मुख्य फळी मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालीं नळदुर्गावर चालून गेली. भारतीय वायुदलाचीं टेम्पेस्ट विमानें सैन्याच्या पुढें जाऊन मारा करीत होतीं. राज्यांतील धावपट्ट्यांवरही त्यांनीं बाँब टाकले. औरंगाबादही भारतीय सैन्याच्या ताब्यांत आलें. १७ सप्टेंबरला निजामानें युद्धबंदी जाहीर केली व दुसऱ्या दिवशीं त्याचा सेनापति अल इद्रूस यानें शरणागति पत्करली. त्या पांच दिवसांत मराठवाड्याच्या आकाशांत जी घरघर ऐकूं आली तिची आठवण कोणाच्या घरीं सुटकेची म्हणून सांगतात, कोणाच्या घरीं भीतीची म्हणून. दोन्ही साक्षी नोंदविणें हें इतिहासकाराचें काम आहे.

तीस वर्षांचें हें वर्तुळ डोळ्यांपुढें ठेवलें असतां निष्कर्ष एकच निघतो. दानलेखांतील दाता बदलला, पदवी गेली, राज्य गेलें, प्रतिग्रहीत्यानें ओळख ठेवली नाहीं. परंतु ज्यानें पैसा दिला तो शेतकरी तेथेंच राहिला. १९१८ सालीं त्याच्या पैशाचीं विमानें त्यानें कधीं न पाहिलेल्या नगरांवर गेलीं, आणि त्यानें विमान जवळून पाहिलें तें कदाचित् १९४८ सालीं, आपल्याच शेताच्या बांधावर उभें राहून. लेख सांगतो कीं विमानें निजामानें दिलीं. शास्त्र सांगतें कीं जें सर्वांचें आहे तें एकट्यानें दिलें असें म्हणतां येत नाहीं. आम्ही शास्त्राच्या बाजूचे आहों.

निजामावर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच उस्मान अली खानाच्या राज्यांत १९१४ सालीं पुराणवस्तु खातें निघालें. गुलाम याझदानी यांनीं त्याची धुरा वाहिली. आणि १९२० नंतर चेक्कोनी व ओर्सीनी या इटालियन कारागिरांस आणवून अजिंठ्याचीं गळून पडणारीं चित्रें भिंतीस पक्कीं करविलीं. तोही पैसा रयतेचाच होता. एकाच रयतेच्या पैशाचीं हीं दोन दानें. एकानें जर्मनींतील छपरें पाडलीं, दुसऱ्यानें वाकाटकांचें चित्रवैभव राखलें. पहिल्याच्या अंगावर दात्याचें नांव ठळक लिहिलें होतें. दुसऱ्याचें फळ आज अजिंठ्यास जाणारा प्रत्येक माणूस नांव न विचारतां भोगतो.

आमच्या संग्राहक मित्रांस शेवटीं एक विनंती. मराठवाड्यांतील जुन्या पाटील-कुलकर्णी घराण्यांच्या दप्तरांत आपण पेशवाईपूर्वींचे कागद शोधतों आणि त्यांखालीं दबलेल्या फसली १३२७ व १३२८ च्या साऱ्याच्या पावत्या, मोडींतले ताळेबंद व उर्दूंतले हुकूम अलीकडचे म्हणून बाजूस सारतों. हीं सालें म्हणजेच इसवी सन १९१७ ते १९१९. ज्या दानलेखाचा उत्तरार्ध लंडनच्या संग्रहालयानें डागडुजी करून ठेवला आहे, त्याचा पूर्वार्ध याच कागदांत आहे. विमान शत्रूनें जपलें म्हणून उरलें. हे कागद जपण्यास कोणी शत्रु येणार नाहीं; तें आपणांसच केलें पाहिजे.